परशुरामची तिसरी फेरी

मी बत्तीस वर्षं बॉक्सिंग शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी काही जण पोलिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, दोघी मुली परदेशातून पदकं घेऊन आल्या, आणि एकजण तर आज डोळ्यांचा डॉक्टर आहे. त्यांच्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही. लग्नात पंगतीला बसलो, बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलो, केस कापायला बसलो, की शेजारचा माणूस हमखास म्हणतो, "सर, तो तुमचा परशुराम. त्याचं काय झालं हो?"

विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याच्याकडे ते तयार असतं. दारू, असं पहिला म्हणतो. दुसरा म्हणतो, पोरीच्या भानगडीत पडला असं ऐकलं. तिसरा आवाज खाली आणून सांगतो की उत्तरेकडच्या लोकांनी राजकारण केलं. परशुराम दारूला शिवत नाही. भानगड एकच झाली, तिच्याशी त्याने लग्न केलं आणि त्यांचं उत्तम चाललंय. राजकारण म्हणाल तर त्याच्या वजनगटात राजकारण करायला माणसंच नव्हती. हे मी इतक्यांदा सांगितलंय की माझी बायको आता मी तोंड उघडायच्या आत दुसऱ्या खोलीत निघून जाते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की त्याच्या हातात हा दिवाळी अंक द्यायचा.

आमचं घर बेंगळुरातलं जुनं. घरात मराठी बोलतो, पण पुण्याची माणसं आमची मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. सरकारी क्रीडा वसतिगृहात मी बॉक्सिंगचा प्रशिक्षक होतो. स्वतः खेळायचो तेव्हा माझं वजन चोपन्न किलो होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याच्या छातीला माझं डोकं लागायचं.

तो मला यशवंतपूरच्या बाजारात सापडला. वसतिगृहाचे वॉर्डन रजेवर होते, म्हणून भटारखान्याचा कांदा आणायला मी गेलो होतो. ट्रकमधून पोती उतरत होती. ट्रकला लावलेली फळी सकाळच्या पावसाने निसरडी झाली होती. हमाल एकेक पाऊल चाचपत उतरत होते. त्यांच्यात एक उंच, रुंद पोरगा मात्र पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेऊन मोकळ्या रस्त्यावरून चालावं तसा उतरत होता. मी त्याच्या खांद्यांकडे पाहिलंच नाही. खांदे पुष्कळांना असतात. मी त्याचे पाय पाहत होतो. मागचा पाय पुढच्याला एकदाही ओलांडत नव्हता. तो पाय उचलत नव्हता, सरकवत होता. बॉक्सिंगमध्ये पहिले सहा महिने आम्ही पोरांना हेच शिकवतो, कारण पाय एकमेकांत गेलेले असताना नुसता धक्का लागला तरी माणूस आडवा होतो. या पोराला ते कुणीच शिकवलं नव्हतं. मी तासभर तिथेच उभा राहिलो. कांदा घ्यायचा राहून गेला आणि त्या दिवशी वसतिगृहात बिनकांद्याचं सांबार झालं.

पोरगा निपाणीजवळच्या खेड्यातला होता. वय एकोणीस, उंची सहा फूट दोन इंच, वजन त्र्याण्णव किलो. घरात मराठी, शाळा कन्नड. त्याचा मामा धोंडीराम त्याच बाजारात हमालांचा मुकादम होता. मी मामाला माझं काम समजावून सांगितलं.

मामा म्हणाला, "मारामारी शिकवताय व्हय? ती ह्याला जमायची न्हाई. ह्यो कुत्र्याला हाड म्हणत न्हाई."

"मारामारी नाही हो, खेळ आहे. नियम असतात."

"जेवाय मिळंल?"

"सकाळी सहा अंडी. दुपारी मटण."

मामाने भाच्याकडे पाहिलं. "जातूस का?"

"व्हय," परशुराम म्हणाला.

त्याच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे त्याच शब्दाने मला भंडावून सोडलं.

त्याने दोन महिन्यांत जे उचललं त्याला इतरांना दोन वर्षं लागतात. बाहेरच्या माणसाला वाटतं की हेवीवेट म्हणजे दणका. दणका असतोच, त्र्याण्णव किलोचा माणूस चापट मारेल तरी दणकाच. पण खेळ उभा असतो तो जॅबवर. पुढच्या हाताचा सरळ, झटकन जाऊन परत येणारा ठोसा म्हणजे जॅब. त्याने कुणी पडत नाही, पण समोरच्याला जवळ येता येत नाही, त्याला विचार करायला फुरसत मिळत नाही, आणि आपल्याला अंतर कळतं. वजनदार मुलं जॅबचा कंटाळा करतात. त्यांना एकाच फटक्यात काम संपवायचं असतं. परशुरामला जॅब आवडायचा. मी स्टुलावर उभा राहून हातातले पॅड धरायचो, आणि त्याचा डावा हात माझ्या पॅडला लागून परत गेलेला असायचा तेव्हा कुठे मला आवाज ऐकू यायचा. मी आयुष्यात एवढ्या मोठ्या देहात एवढा हलका हात दुसरा पाहिला नाही. माझ्यापेक्षा फार मोठ्या प्रशिक्षकांनीही हेच म्हटलं.

पहिल्या वर्षी तो राज्य विजेता झाला. हे ऐकून हुरळून जाऊ नका. आपल्याकडे नव्वद किलोच्या वरची मुलं बॉक्सिंगकडे येत नाहीत. पहिली लढत पन्नास सेकंदांत संपली. अंतिम लढतीत समोरच्याच्या प्रशिक्षकाने पहिल्या फेरीनंतर हार मानून टॉवेल टाकला. चार मिनिटंही न लढता पोरगा राज्याचा विजेता झाला. पुढच्या वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेला गेला. तिथे चार लढती झाल्या, चारही जिंकल्या. समोरच्यांनी त्याला आधी कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि त्याचा डावा हात कळेपर्यंत त्यांचा खेळ आटोपलेला असायचा. एकही लढत तिसऱ्या फेरीपर्यंत गेली नाही.

आमच्या खेळात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. पहिली फेरी अंगातल्या गुणांवर निघते, दुसरी शिकवलेल्या गोष्टींवर. तिसऱ्या फेरीत माणूस दमलेला असतो. दमलेला असताना हात वर ठेवायचे, पाय चालते ठेवायचे, ही निराळी विद्या आहे आणि ती दमल्याशिवाय येत नाही. त्यासाठी सरावात समोर कुणीतरी असा लागतो, जो तुम्हाला दमवेल आणि दमल्यावर सोडणार नाही. माझ्या हाताखालचा पोरगा राष्ट्रीय विजेता झाला आणि तिसरी फेरी कशी असते ते त्याने अजून पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मला काळजी वाटायला हवी होती. मी पेढे वाटत होतो.

मग त्याला क्रीडा कोट्यातून एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली, आणि त्याच्या "व्हय"चा ताप सुरू झाला.

परशुराम कुणालाही नाही म्हणत नसे. हा चांगुलपणा आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कार्यालय तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर हलवायचं होतं. साहेब म्हणाले, "परशुराम, स्वल्प हात लावतोस का?" लोखंडी कपाटं चढवायला मजूर ठरवलेले होते. तरी देशाच्या विजेत्याने एकट्याने सात कपाटं चढवली आणि कमरेत उसण भरून आठवडाभर पडून राहिला. मी जाऊन साहेबांना बोललो. ते म्हणाले, "अहो सर, मी सहज विचारलं. तो व्हय म्हणाला." निपाणीकडचं कुणीही बेंगळुराला आलं की स्टेशनवर उतरवून घ्यायला परशुराम. गल्लीतल्या गणपतीच्या उद्घाटनाला परशुराम. कुणा नगरसेवकाच्या मिरवणुकीत शेजारी उभं राहायलाही परशुराम, आणि नगरसेवक कुठल्या पक्षाचा हे त्याला विचाराल तर सांगता यायचं नाही.

माझं सगळं म्हणणंही तो ऐकायचा. "उद्या साडेपाचला धावायला." "व्हय सर." उद्या साडेपाचला मैदानावर मी आणि माझी शिट्टी. "तेलकट बंद." "व्हय सर." दुपारी भटारखान्यातून कळायचं की भजी संपली. मी ओरडायचो. तो मान खाली घालून ऐकायचा आणि माझं संपलं की म्हणायचा, "व्हय सर, चुकलं." आता सांगा, याच्याशी भांडायचं कसं? मला उलट बोलणारी मुलं परवडायची. त्यांच्याशी वाद घालता येतो, ती रागाने का होईना धावतात. परशुरामशी बोलणं म्हणजे कापसाच्या ढिगाला ठोसे मारणं.

एकदा निवड चाचणीला चार महिने राहिलेले असताना तो सकाळच्या सरावाला आला नाही. मुलांनी सांगितलं की तो कोरमंगलाला गेलाय, दुकानाच्या उद्घाटनाला. मी स्कूटर काढली. सिल्क बोर्डच्या चौकात अर्धा तास उन्हात तापून तिथे पोचलो, तर प्रोटीन पावडरचं दुकान. बाहेर फुगे, आत परशुराम गळ्यात हार घालून, हातात ग्लोव्ह्ज चढवून उभा, आणि पीजीत राहणारी पंचवीस-तीस पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला रांगेत. दुकानाचा मालक पुण्याचा होता, आयटीतली नोकरी सोडून आलेला.

तो मला म्हणाला, "अंकल, जस्ट टेन मिनिट्स. सर इतके हंबल आहेत ना, आम्ही मेसेज केला आणि लगेच हो म्हणाले."

"त्याला मीही काल मेसेज केला होता," मी म्हणालो. "मलाही लगेच हो म्हणाला."

परशुराम हार काढून मुकाट्याने स्कूटरवर मागे बसला. स्कूटरचं पुढचं चाक उचललं जाईल असं मला वाटत होतं. होसूर रस्ता येईपर्यंत मी बोलत होतो. तो ऐकत होता. मडिवाळ्याच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने मागून विचारलं, "सर, इडली खायाची का? सकाळपास्न काय खाल्लं नसंल तुमी."

खरंच खाल्लं नव्हतं. आम्ही इडली खाल्ली. हे असं होतं.

ती निवड चाचणी फार मोठी होती. तिच्यातून भारताच्या संघात जागा मिळणार होती, परदेशातल्या स्पर्धेला जायचं होतं. मी ठरवलं की आता याला दमवणारा माणूस आणायचाच. शहरातल्या लष्कराच्या छावणीत एक हवालदार होते, बलवान सिंग. पस्तिशीचे, एक कान चुरगळलेला, स्वतः एकेकाळचे नावाजलेले बॉक्सर. हाताने ते परशुरामच्या निम्मेही नव्हते, पण थांबणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वरिष्ठांना विनंती केली आणि आठवड्यातून तीन दिवस ते यायला लागले.

पहिला आठवडा परशुरामचा गेला. दुसऱ्या आठवड्यात हवालदारांना त्याचा डावा हात कळला. ते खाली वाकून आत शिरायचे आणि बरगड्यांवर बारीक बारीक ठोसे मारत राहायचे. शुक्रवारी तिसऱ्या फेरीत परशुरामचे हात खाली आले. हवालदारांनी त्याला कोपऱ्यात धरला आणि घंटा होईपर्यंत सोडला नाही. लागलं काहीच नाही, पण उतरताना त्याचा चेहरा मी पाहिला. आपलंच शरीर आपलं ऐकत नाही हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. मी खूश होतो. म्हटलं, आता खरं शिकणं सुरू होईल.

सोमवारी तो आला नाही. फोन बंद. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी आला तो गुळाची ढेप घेऊन.

"कुठे होतास?"

"गावाकडं गेलतो सर. मामा लई आजारी हाय."

"आता कसा आहे?"

"बरा हाय सर."

त्याच दुपारी मी यशवंतपूरला गेलो. मामा ट्रकवर उभा राहून हमालांना शिव्या घालत होता. प्रकृती ठणठणीत. मला पाहून म्हणाला, "काय सर, आज कांदा का बटाटा?"

संध्याकाळी मी परशुरामला समोर उभं केलं. "मामा भेटला."

"व्हय सर. खोटं बोललो. चुकलं."

"घाबरलास का हवालदाराला?"

"न्हाई सर."

"मग?"

तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. मी पुढे विचारलं नाही. आज वाटतं, तिथेच बसायला हवं होतं, रात्र झाली असती तरी. पण मी पक्का वैतागलो होतो, आणि खरं सांगायचं तर वैतागापेक्षा भीती जास्त होती. हा पोरगा चाचणीच्या आधीच निपाणीला पळून गेला तर? माझ्या बत्तीस वर्षांत भारताच्या संघात जाऊ शकेल असा हा एकच हेवीवेट होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी फाटकाजवळ हवालदारांना गाठलं. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की तिसऱ्या फेरीत जरा सांभाळून घ्या. पोरगा दमला असं दिसलं की मागे सरका. त्याचा धीर खचायला नको.

हवालदारांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "साहब, आप कहते हो तो हल्के में खेल लूंगा. पर फिर ये ट्रेनिंग नहीं हुई."

"थोडे दिवस," मी म्हणालो.

ते थोडे दिवस चाचणीपर्यंत चालले. परशुराम पुन्हा हसायला लागला. सराव एकदाही चुकवला नाही. तीन फेऱ्या खेळायचा, तिसरीतही ताजा दिसायचा, आणि बघायला येणारी माणसं म्हणायची, वा सर, काय तयारी करून घेतलीत. मी ते कौतुक घेतलं.

चाचणी उत्तरेत होती. अंतिम लढतीत समोर एक धिम्मा, जाड मानेचा पोरगा. दिसायला काही नाही. ठोसा लागला तरी चेहरा तसाच, आणि पुढचं पाऊल ठरलेलं. पहिली फेरी परशुरामने अशी खेळली की प्रेक्षकांत बसलेले जुने खेळाडू पुढे सरकून बसले. दुसरीही त्याचीच. पाचही पंचांनी दोन्ही फेऱ्या त्याला दिल्याचं पडद्यावर दिसलं. आता फक्त उभं राहायचं होतं. तीन मिनिटं हात वर, पाय चालते. मारायचीही गरज नव्हती.

दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट मिळतं. त्यातली पहिली वीस सेकंदं मुलाला नुसता श्वास घेऊ द्यायचा असतो, बोलून उपयोग नसतो. मग एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या की दोन्ही विसरतो. मी सांगितलं, "फिरत राहा. थांबू नकोस." तो म्हणाला, "व्हय सर."

दीड मिनिट तो फिरला. मग पाय जड झाले. तो धिम्मा पोरगा आत शिरला आणि बरगड्यांवर मारायला लागला, अगदी हवालदार मारायचे तसा. परशुरामचे हात खाली आले. त्याने त्या पोराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, कुणाची तरी वाट बघावी तसं. पोराने आणखी चार मारले. आणि परशुराम वळला. रिंगणात, लढत चालू असताना, समोरच्याकडे पाठ करून दोन पावलं चालत दोरांपाशी गेला आणि दोर धरून उभा राहिला.

आमच्या खेळात पडणं ही लाजेची गोष्ट नाही. पाठ फिरवणं आहे. पंचाने लढत थांबवून आठपर्यंत मोजलं, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, लढणार का? मी खालून ओरडत होतो की हो म्हण, हो म्हण. कपाटं उचलणाऱ्या, दुकानं उघडणाऱ्या, जन्मभर सगळ्यांना होकार देणाऱ्या माणसाने पंचाकडे पाहून नकारार्थी मान हलवली. तीस सेकंद उरले होते.

परतीच्या प्रवासात मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याने मला दोनदा चहा आणून दिला. मी दोन्हीदा तो प्यायलो.

त्यानंतर आणखी पाच वर्षं तो राज्याचा विजेता राहिला. त्याला हरवायला इथे होतंच कोण. राष्ट्रीय स्पर्धा आली की मात्र ताप यायचा, मनगट मुरगळायचं, नाहीतर बहिणीचं लग्न निघायचं. परशुरामला बहिणी दोन. लग्नं मी तीन मोजली. शेवटी मी नाद सोडला, त्याने खेळ सोडला, आणि मग मी निवृत्त झालो. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो की पोरगा आळशी होता. हातात सोनं होतं, पण मनात जिद्द नव्हती. हे वाक्य मला इतकं पाठ झालं होतं की ते खरं आहे की नाही हे तपासायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी माझी पुतणी अश्विनी म्हणाली, "काका, मी बॉक्सिंगचा क्लास लावलाय, मारतहळ्ळीला. आमचे कोच म्हणतात मी तुमच्या काकांकडे शिकलो. परशुराम सर." ती तिथल्याच एका आयटी पार्कात काम करते. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरते, म्हणून क्लास. एका शनिवारी सकाळी मी तिच्याबरोबर गेलो.

फर्निचरच्या दुकानावर दुसरा मजला, लांबट हॉल, आरसे, सहा बॅगा. परशुराम आता एकशे पंधरा किलोचा तरी असेल. मला पाहून त्याने वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि पुन्हा कामाला लागला. अश्विनी पॅडवर मारत होती. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत तिचे हात खाली आले.

"सर, बस," ती म्हणाली. "प्लीज."

"आता बस न्हाई अक्का," परशुराम म्हणाला. "आतापातूर झालं ते मोजायचं न्हाई. हितनं सुरू. हात वर."

"खरंच होत नाहीये."

"होत न्हाई तवाच करायचं. एक. हात वर. एक."

तो हळू बोलत होता, रागावत नव्हता, पण पॅड खाली घेत नव्हता. अश्विनीने मारलं. अगदी रडकुंडीला येऊन, पण पूर्ण मिनिटभर मारलं. संपल्यावर ती जमिनीवर बसली आणि हसायला लागली. मी माझ्या खुर्चीत नुसता जळत होतो. हेच, अगदी हेच याला येत नव्हतं, आणि आता हा ते शिकवतोय.

बॅच संपल्यावर तो कॉफीचा कप घेऊन माझ्याजवळ बसला. मी इतक्या वर्षांनी विचारलं. "परशुराम, त्या दिवशी पाठ का फिरवलीस?"

त्याने कप खाली ठेवला. "सांगतो की सर. तुमी इचारलंच न्हाई कधी. मला वाटलं त्यो थांबंल."

"कोण थांबेल?"

"समोरचा. मी दमलो की हवालदार थांबायचं न्हवं? मागं सरायचं, मला जरा दम घ्यू द्यायचं. मला वाटलं, खेळ असाच असतुया. मोठी माणसं असंच खेळत्यात. त्यो पोरगा थांबंचना. मला कळंचना काय करायचं. मला वाटलं, माझ्यातच कायतरी कमी हाय, हवालदारांनी दया दाखवली, ह्यो दाखवना. म्हणून म्हटलं, जाऊ द्या."

मला गप्प बसता आलं असतं. माझं वय झालंय, त्याचं बरं चाललंय, हवालदार कधीच आपल्या गावी निघून गेलेत. पण समोर बसलेल्या माणसाने इतकी वर्षं खोट स्वतःमध्ये धरली होती, आणि मी गावभर तीच खोट सांगत फिरलो होतो.

"हवालदारांनी दया दाखवली नव्हती," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं त्यांना. तू तीन दिवस पळून गेलास ना, त्यानंतर. म्हटलं, हा दमला की मागे सरा. तू पळून जाशील अशी मला भीती होती. ते नको म्हणत होते."

परशुराम माझ्याकडे बघत राहिला. तो "व्हय सर" म्हणेल म्हणून मी थांबलो. तो म्हणाला नाही. खाली रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते. आरशापाशी अश्विनी हाताच्या पट्ट्या सोडत होती. तिच्या पट्टीची गाठ सुटेना, तेव्हा तो उठला, तिच्याजवळ गेला, गाठ सोडवली, पट्टी गुंडाळून तिच्या हातात दिली. मग पुढच्या बॅचची माणसं आत यायला लागली.

तो परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी खुर्चीतून उठलो. उठलो तरी मला मान वर करूनच बघावं लागलं.

"मी ते तीन दिवस गावाकडं गेलो न्हवतो सर," तो म्हणाला. "यशवंतपूरलाच हुतो, मामाच्या खोलीवर. रोज पहाटं पोती घिऊन फळीवर चढ-उतार करायचो. दम वाढावा म्हणून. तुमास्नी सांगायची लाज वाटली. गूळ बाजारातनंच आणलता."

  असं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि सगळा राग त्याच्यावर काढावा तरी पंचाईत. एका शब्दाने सांगितलं असतंस तर, असं मी म्हणणार होतो. पण एका शब्दाने मीही विचारलं असतं तर, हे त्याला म्हणता आलं असतं. तो ते म्हणाला नाही.

"पुढची बॅच हाय सर," तो म्हणाला. "आता याल तवा फोन करून या. मी मोकळा असलो तर सांगीन."

तो रागाने बोलला नव्हता. अश्विनीशी बोलत होता तसाच, हळू. मी कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणालो आणि कठड्याला धरून जिना उतरलो.

अश्विनी अजून तिथे जाते. तिच्या पाठीचं दुखणं गेलं. त्याचा नंबर तिने माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलाय, नाव लिहिलंय "परशुराम कोच". मी अजून फोन केलेला नाही.